फुलांकडे उतरणारी फरशी

१

ज्या वाफ्यातली पालेभाजी रोज ताटात पडत होती, त्याच वाफ्याच्या मातीत सोमल निघाला.

सोमल म्हणजे आर्सेनिक. प्रयोगशाळेचा कागद त्या घरच्या लेकीने, सगळे जिला धाकटी म्हणतात तिने, माझ्यासमोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा पेला ठेवला. खिडकीबाहेर कपडे वाळत घालण्याची तार होती आणि तारेखाली, मागच्या दाराला लागून, तो वाफा. पालक, टोमॅटो, कडेला कोथिंबीर. कोणाचेही मन प्रसन्न व्हावे असा हिरवागार.

"माझी मुलगी दोन महिने पोट दुखतं म्हणून रडतेय, सर," धाकटी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आधी विहीर तपासा. विहीर स्वच्छ निघाली. मग मुलीची तपासणी केली, तर तिच्यात हे निघालं. मग मातीत."

"भाजी थांबवलीत?"

"त्याच दिवशी."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची मुलगी, चिमी, जीभ बाहेर काढून एक हत्ती रंगवत होती. हत्तीला पाय जास्त झाले होते. चेहऱ्याने मूल अशक्त दिसत होते, पण रंग कोणता द्यायचा याबद्दल ठाम होते.

"मला दोन गोष्टी सांगा," धाकटीने आवाज खाली आणला. "माझी मुलगी या घरात राहू शकते की नाही? आणि हे कोणी केलं? दुसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे, पण तुमच्या तोंडून हवंय."

"कोणी केलं असं तुम्हाला वाटतं?"

"माझ्या सख्ख्या भावाने. आई गेल्यापासून त्याला हे शेत विकायचंय. मी इथे राहायला येतेय म्हटल्यावर त्याने ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं की हिला इथे चार दिवस निघणार नाहीत. मी चार दिवसांत गेले नाही. मग हे."

तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकून मी नोकरीभर इमारतींखालची जमीन तपासली. निवृत्तीनंतर माझ्याकडे येणारे काम थोडे निराळे असते: एखाद्या जमिनीवर आपल्याआधी काय काय होऊन गेले, ते शोधणे. अशा कामात संशयित सहसा मेलेले असतात. जिवंत भावावर बोट ठेवणारी ही पहिलीच अशील.

मी गिरमिट घेऊन वाफ्यापाशी गेलो. जमिनीत फिरवत न्यायचे आणि मातीचा नमुना वर ओढायचा, असे ते साधे अवजार. वीतभर खोलीपर्यंत काळी, भुसभुशीत, सुरेख माती आली. त्याखाली एकदम पिवळा मुरूम. मधे रंगाची एकही पायरी नाही. गादीवर चादर पसरावी तशी काळी माती वर पसरलेली. निसर्ग इतका व्यवस्थितपणे कधी थर बदलत नाही.

आवाज ऐकून, शेताची कामे पाहायला रोज येणारा थोरला भाऊ मागच्या दारात येऊन उभा राहिला. उंच, वाकलेला, हाताची घडी घातलेला. मी दुसऱ्या जागी गिरमिट फिरवले, वर ओढले, झटकले. मातीच्या ढेकळातून काहीतरी टणकन विटेवर पडले.

काचेची गोटी होती. आत निळी वेटोळी रेघ.

थोरल्याची नजर गोटीवर खिळली. तो घरात वळला, नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागला. वाफ्याला त्याने बोटसुद्धा लावले नव्हते.

२

विष एकटे फिरत नाही, हे आमच्या कामातले पहिले सूत्र. लाकूड टिकवण्याच्या द्रावणात सोमलाबरोबर तांबे आणि क्रोमियम असते. जुन्या काळी फळझाडांवर मारत त्या पांढऱ्या औषधात सोमलाबरोबर शिसे असते. म्हणून मी प्रयोगशाळेला कळवले की त्याच मातीत बाकीचे धातूही मोजा. उत्तर येईपर्यंत शेजाऱ्यांना भेटणे माझ्या हातात होते.

शेताच्या कोपऱ्यातली शेड खांबवाल्याने भाड्याने घेतली होती. कुंपणाचे लाकडी खांब तो हिरवट द्रावणाच्या टाकीत मुरवत असे. मला शेडकडे वळताना पाहताच त्याने टाकीवर झाकण ओढले.

"झाकता कशाला? मी पाहायलाच आलोय."

"पाहा ना. पण आधीच सांगतो, माझ्या टाकीतला थेंब बाहेर गेला असेल तर माझं नाव बदला."

"तुमचं नाव माहीत कोणाला आहे? सगळे खांबवालाच म्हणतात."

तो हसला आणि झाकण स्वतःच दूर केले. टाकीखालची फरशी कोरडी होती, कडेला बांध होता. शेड उताराच्या खाली आणि घर वर. पाणी चढ चढत नाही.

कुंपणापलीकडे बागवाल्या काकांची जुनी फळबाग. वय झालेले, पण आवाज असा की झाडावरची पाखरे उडावीत. त्यांनी मला वेताच्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः उलट्या टोपलीवर बसले.

"लपवून काय करू?" ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी झाडांवर शिशाचं औषध मारलं. पांढरा धूर असायचा नुसता. आम्ही पोरं त्यात पकडापकडी खेळायचो. पण वारा काय पत्ता विचारत तिच्याच स्वयंपाकघराच्या दारात जाईल? मधे माझं अख्खं कुंपण उभं आहे."

"हे शेत तुम्हाला विकत हवं होतं, असं ऐकलं."

"हवं होतंच. अजून हवंय. पण विष कालवून घेतलेली जमीन माझ्याच गळ्यात पडेल ना? एवढा मी मठ्ठ दिसतो का? उत्तर देऊ नका."

मी धाकटीच्या बाबांविषयी विचारले. काकांचा आवाज जरा खाली आला.

"असा माणूस होणे नाही. वाकडा खिळा सापडला तर ठोकून सरळ करून ठेवायचा. काडी वाया घालवायची नाही. आणि असा माणूस घरासमोरच्या सोन्यासारख्या जागेत काय लावतो, तर फुलं! निशिगंध, शेवंती. भोपळे लाव म्हटलं, वेल गच्चीपर्यंत जाईल. तर म्हणे, बायकोला फुलं आवडतात. आम्ही हसायचो. आमच्या बायका मात्र हसायच्या नाहीत. घरी येऊन आम्हालाच ऐकवायच्या."

"शेत त्यांनी कोणाकडून घेतलं?"

"होता एक व्यापारी. लोकरीच्या धंद्यात बुडाला आणि आलं त्या भावात विकून निघून गेला. मी तेव्हा लहान होतो. व्यापाऱ्यापेक्षा त्याचा कुत्रा जास्त आठवतो. चावरा होता."

प्रयोगशाळेचे उत्तर आले. तांबे नाही, क्रोमियम नाही, शिसे कोणत्याही मातीत असते तेवढेच. सोमल एकटाच. खांबवाला सुटला, काकांचे वडीलही सुटले.

हे सांगायला मी शेडमध्ये गेलो, तर खांबवाल्याचा चेहरा खुलण्याऐवजी ओढला गेला.

"म्हणजे आता दादांवर येणार सगळं," तो पुटपुटला. "मी बोलू नये. मीठ खाल्लंय त्यांचं. पण ताई राहायला यायच्या आदल्या आठवड्यात दादांनी माझी हातगाडी नेली होती. मागच्या दाराशी मातीच्या खेपा टाकताना मी पाहिलं त्यांना. मी हाक मारली, तर म्हणाले, 'तू काही पाहिलं नाहीस.' गाडी परत दिली तीही धुऊन. आमच्यात हातगाडी धुऊन कोण देतं, साहेब?"

३

थोरला घरासमोरच्या कट्ट्यावर बसला होता. कट्ट्यापुढे दगडी फरशीचे अंगण आणि अंगणाला लागून ती फुलबाग: लांबट, अरुंद, दोन्ही कडांना ताणलेल्या दोरीसारखी सरळ. निशिगंध फुलायला आला होता. बागेचा एक भाग बाकीच्यापेक्षा वीतभर खचलेला दिसत होता.

"हातगाडीने काय वाहिलंत?" मी विचारले.

"धाकटीला वाटतं ना मी केलं? मग मीच केलं समजा. लिहा आणि मोकळे व्हा."

"समजून लिहायची मला सवय नाही."

मी खिशातून निळ्या रेघेची गोटी काढली. धुऊन, पुसून आणली होती. त्याच्याशेजारी फरशीवर ठेवली आणि बोट उचलले. गोटी क्षणभर थांबली, मग हळूहळू निघाली, दगडांच्या सांध्यांवरून टिकटिक करत पुढे गेली आणि फुलांत शिरली.

दारातून पाहत असलेल्या धाकटीच्या तोंडून शब्द निघून गेला. "गेली बागेत!"

थोरला न वळता म्हणाला, "तुझा डाव गेला."

बहुधा पुष्कळ दिवसांनी ते एकमेकांशी बोलले असावेत. दोघांच्याही ते लक्षात आले आणि दोघेही अवघडले. मी ती संधी सोडली नाही.

"या अंगणात खेळायचात?"

"रोज," धाकटी म्हणाली. ती कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. "आणि प्रत्येक गोटी शेवटी फुलांत. हा मुद्दाम माझीच घालवायचा."

"मुद्दाम कशाला? तुला नेम होता का?"

"मग शोधून काढायचात?"

"छे! बागेत पाऊल टाकायचं नाही," थोरला म्हणाला. "बाबा नवीन आणून द्यायचे."

"दुसऱ्या कशाला नाही हं," धाकटी म्हणाली. "पेन्सिल बोटात मावेनाशी झाली तरी नवी मिळायची नाही. पण गोटी बागेत गेली म्हणून सांगितलं की दुसऱ्या दिवशी खिशातून नवी. मी तर कधीकधी खोटंच सांगायचे."

"तरीच तुझ्याकडे कायम जास्त असायच्या. आणि मी समजत होतो तू जिंकतेस."

"जिंकायचेही."

"बागेत काम कोण करायचं? आई?"

"नाही, बाबाच," धाकटीचा स्वर मऊ झाला. "स्वतःचं पाणीसुद्धा हाताने घ्यायचे नाहीत, पण संध्याकाळी खुरपं घेऊन बागेत. आई इथे, याच कट्ट्यावर बसायची. 'तिकडची फांदी वाकली, इकडचं तण राहिलं,' असे हुकूम सोडायची. कधी उठून मदतीला गेली, तर बाबा म्हणायचे, 'तू बस. तुझी बाग, माझे हात.' शेजारच्या बायका हेवा करायच्या तिचा."

"आणि काम झाल्यावर?"

"हात धुवायचे," थोरला म्हणाला. "कोपरापर्यंत, साबण लावून, दोनदा. आम्हालाही लावायचे. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: सांगितलं म्हणून."

मी पिशवीतून पाणसळ काढून फरशीवर आडवी ठेवली. तिच्यातला बुडबुडा एका बाजूला सरकला. अंगणाचे पाणी घरापासून दूर, वाटेकडच्या गटारात जावे, असा उतार कोणताही गवंडी देतो. या अंगणाला गटार होते, पण उतार त्याच्या उलट होता. चारी बाजूंनी दगड फुलबागेकडेच झुकवलेले. कोणीतरी मुद्दाम, काळजीपूर्वक, इथे पडणारा प्रत्येक थेंब त्या लांबट पट्ट्यात जावा अशी व्यवस्था केली होती. फुलांना घालायच्या पाण्यासाठी एवढा खर्च कोणी करत नाही.

"मला त्या बागेत गिरमिट घालावं लागेल," मी म्हणालो.

थोरला उठून माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

"तिथे नको, साहेब. तिथून काही निघालं, तर मग मीच केलं असं होईल."

४

पट्ट्याच्या मधोमध गिरमिट खोल गेले. वर आली ती वाफ्यातलीच काळी माती. कडेला लावले तर दगडावर अडले. दुसऱ्या कडेलाही तसेच. एका टोकाला दगड एकदम खोल होता. दुसऱ्या टोकाला पायरी, मग आणखी वर पायरी. पातीला गिलाव्याचा चुना चिकटून आला. मी काठीने जमिनीवर रेघा ओढत गेलो आणि हळूहळू फुलांखाली एक आकार उभा राहिला.

"इथे हौद आहे," मी म्हणालो. "लांब आणि अरुंद. एका टोकाला उभी कडा, दुसऱ्या टोकाला पायऱ्या. मेंढ्यांना डुबवायचा हौद. लोकरीत गोचीड आणि खरूज होऊ नये म्हणून पूर्वी सोमल विरघळवलेल्या पाण्यातून मेंढ्या पोहत न्यायचे. कडेवरून ढकलायचे, पायऱ्यांनी बाहेर काढायचे आणि निथळायला फरशीवर उभ्या करायचे. औषध महाग असायचं, म्हणून फरशीचा उतार परत हौदाकडे. तळाचा गाळ काढून काठावरच टाकायचे. असा सोमल वाहून जात नाही, कुजत नाही. मातीला धरून बसतो."

"पण आमच्याकडे मेंढ्या कधीच नव्हत्या," धाकटी म्हणाली.

"तुमच्याकडे नव्हत्या. लोकरीच्या व्यापाऱ्याकडे होत्या. धंदा बुडाला, शेत तुमच्या बाबांनी घेतलं आणि हौद बुजवला."

"बरं. पण हौद घराच्या पुढे आणि वाफा मागे. काय, चालत गेला?"

"हातगाडीतून गेला. वाफ्यातली माती तिथली नाही. खालचा मुरूम निराळा आहे. तिच्यात गोटी निघाली आणि या घरात गोट्या एकाच ठिकाणी हरवायच्या. बाग नेमकी तेवढीच खचली आहे. इथून पुढचं मी सांगणं बरोबर नाही."

थोरला कट्ट्याच्या पायरीवर बसला. त्याने खचलेल्या जागेकडे पाहिले.

"तू येणार म्हणून," तो म्हणाला.

"काय?"

"मागच्या दारी नुसता मुरूम होता. तुला भाजी लावायला आवडते. विकतची माती आणू शकत होतो. पण म्हटलं, बाबांनी जन्मभर जोपासलेली, आईच्या बागेतली माती. हिच्याइतकी चांगली कुठे मिळणार? म्हणून भरली. कडेच्या विटाही लावल्या."

"मला ये म्हटलंस का एकदा तरी? चार दिवस निघणार नाहीत म्हणून सांगत फिरत होतास."

"फिरत होतो. तू एकटी, लहान मूल, एवढं मोठं घर. वाटायचं, नको यायला. पण तू ऐकणार नाहीस हेही ठाऊक होतं."

"मग सांगायचंस तरी. माती मी भरली म्हणून."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, एवढी माया होती तर तोंड वर करून बोलला कशाला." त्याने तळहात उलटे करून पाहिले. "त्या दिवशी ती गोटी पडली, बाबांचं ते हात धुणं आठवलं आणि कळलं. चिमीच्या ताटात मीच वाढत होतो. नळाखाली हात धरले, पण जाईना ते."

धाकटीने पदराने डोळे पुसले, मग उठून त्याच्या पायरीवर, त्याच्याच बाजूला जाऊन बसली.

"बाबांना ठाऊक होतं का, सर?"

"सिद्ध करता येणार नाही," मी म्हणालो. "पण वाकडा खिळा न टाकणारा माणूस हरवलेली गोटी शोधू देत नाही, नवी आणतो. खायची एक पात तिथे लावत नाही. बायकोला मातीत हात घालू देत नाही आणि स्वतःचे दोनदा धुतो. अशा माणसाला काहीच ठाऊक नव्हतं, असं मी अहवालात लिहिणार नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"सगळं पणाला लावून घेतलेलं घर. तुमच्या आईला ते आवडावं, तिथे ती निर्धास्त राहावी, असं वाटलं असेल. पुढे कधीतरी सांगू म्हणता म्हणता राहून जातं."

धाकटीने त्या निशिगंधांकडे पाहिले. आयुष्यभर पाहिलेली गोष्ट एका दुपारीत परकी व्हावी, तसे तिचे डोळे झाले होते.

"म्हणजे फुलं आईसाठी नव्हतीच," ती म्हणाली.

"आईसाठीच होती," थोरला म्हणाला. "दुसरं काही लावलं असतं, तर तिने खुडून शिजवलं असतं."

५

शेतात इतर ठिकाणचे नमुने घेतले, ते स्वच्छ निघाले. विहीर स्वच्छ होतीच. मागचा वाफा मुरमापर्यंत खरवडून माती बंद पिंपांतून नेण्यात आली. फरशी घासली, तिचे पाणीही तसेच नेले. हौदावर चिकणमातीचा जाड थर दाबून बसवला, त्यावर बाहेरून आणलेली माती, भोवती कुंपण. माझ्या अहवालाचे शेवटचे वाक्य असे होते: या घरात लहान मूल राहू शकते, कुंपणाच्या आत काय आहे हे मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

डॉक्टरांनी चिमीची तपासणी पुन्हा केली, काही आठवड्यांनी आणखी एकदा. दुसऱ्या खेपेला ते धाकटीला म्हणाले, "आता पुढच्या खेपेला हिला नुसती भेटायला आणा."

अहवाल द्यायला मी गेलो तेव्हा थोरला कुंपणाच्या आत निशिगंधाचे कंद लावत होता. धाकटी कट्ट्यावर बसून हुकूम सोडत होती.

"तिकडचा वाकडा लागला."

"तू ये आणि लाव."

"मी का? माझी बाग, तुझे हात."

चिमी फरशीवर निळ्या गोटीशी खेळत होती. ती गोटी कोणाची, यावर भावाबहिणीत अजून एकमत झालेले नव्हते. गोटी निघाली, टिकटिक करत उतरली आणि कुंपणाच्या खालून फुलांत गेली. चिमी तिच्यामागे पळाली.

"थांब," थोरला म्हणाला. त्याने स्वतः गोटी उचलली, नळाखाली धरली आणि कट्ट्यावर ठेवली. मग बाह्या वर सारून कोपरापर्यंत हात धुतले. चिमीलाही जवळ घेतले आणि तिच्या हातांना साबण लावू लागला.

"मी तर हातसुद्धा लावला नाही," चिमी म्हणाली. "का धुवायचे, मामा?"

थोरल्याच्या ओठांवर जुने उत्तर आले असावे. धाकटीने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. त्याने नळ बंद केला, टॉवेलने तिची बोटे एकेक करून कोरडी केली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ऐक," तो म्हणाला. "फार वर्षांपूर्वी इथे मेंढ्या होत्या."

"किती?"

"पुष्कळ. आणि एक चावरा कुत्रा."